अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावरचं ‘ऑल द वे’ नाटक बघायला जावं का? लोकांची मतं इतकी उलटसुलट का आहेत?

जरूर जा. तुमच्या गावातलं थिएटर हे नाटक करतंय आणि कुणी ‘अप्रतिम’ म्हणतंय, कुणी ‘लांबण’, म्हणून तुमचा गोंधळ झालाय. दोन्ही मतं खरी आहेत. कोण कशासाठी गेलं होतं, त्यावर ती ठरतात.

मी ते २०१४ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, नील सायमन थिएटरमध्ये पाहिलं. तेव्हा बरीच मंडळी निव्वळ जॉन्सन करणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनसाठी आली होती (त्याची गाजलेली मालिका ‘ब्रेकिंग बॅड’ आदल्याच वर्षी संपली होती). ती खूश होऊन बाहेर पडली, आणि का नाही पडणार? समोरच्या सिनेटरच्या खांद्यावर हा आधी प्रेमाने हात टाकायचा, मग बोलता बोलता नाकाला नाक लागेल इतका अंगावर झुकायचा. तो बिचारा कमरेतून मागे वाकायचा. जॉन्सन खरोखरच असे होते. गोंजारणं, दमदाटी, गावरान विनोद, सगळं एका दमात. त्या वर्षीचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, क्रॅन्स्टनला मिळालं आणि नाटकालाही.

दुसरा गट १९६४ साल स्वतः पाहिलेल्यांचा. मध्यंतरात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढचे आजोबा म्हणत होते, “बोलणं अगदी तसंच, पण आम्हाला त्यांची भीती वाटायची.” या पिढीचा आक्षेप व्हिएतनामवर असतो. ज्या टोंकिनच्या आखातातल्या घटनेवरून अमेरिका त्या युद्धात खोल उतरली, तिचा विषय इथे ओझरता येतो, आणि ज्यांचे मित्र त्या युद्धात गेले त्यांना तो ओझरता चालत नाही. मला हे अर्धंच पटतं. नाटक केनेडींच्या हत्येपासून नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीपर्यंतचंच आहे. पुढचं त्याच लेखकाने ‘द ग्रेट सोसायटी’ या वेगळ्या नाटकात घेतलंय.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे “मध्यंतरानंतर पडतं”. पूर्वार्धात वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क विधेयकाची रस्सीखेच आहे. दक्षिणेतले सिनेटर भाषणांवर भाषणं ठोकून ते अडवून धरतात, आणि त्यांचे म्होरके रिचर्ड रसेल म्हणजे जॉन्सन यांचे राजकारणातले गुरू. प्रत्यक्षात १० जून १९६४ ला चर्चा बंद करण्याचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी पास झाला आणि २ जुलैला कायद्यावर सही झाली. ही लढाई जिंकली की प्रेक्षकाला वाटतं, संपलं.

माझ्या मते नाटकाचा जीव त्यानंतरच्या, जॉन्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात आहे. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ फक्त गोऱ्यांचं. त्याला आव्हान द्यायला कृष्णवर्णीयांच्या पुढाकाराने उभी राहिलेली फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी येते. ज्यांनी कायदा केला तेच जॉन्सन तिला फक्त दोन जागा देऊ करतात आणि हा सौदा गळी उतरवायला सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्रींना पाठवतात, उपाध्यक्षपदाचं गाजर दाखवून. या नव्या पक्षाच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांची साक्ष टीव्हीवर चालू असताना जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावून कॅमेरे स्वतःकडे वळवले होते, हा तर इतिहासच आहे. ज्या चलाखीला आपण तासभर टाळ्या दिल्या, ती आता ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्यावरच चालते. याला ‘पडणं’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

बाकीच्या तक्रारी मात्र रास्त आहेत. मार्टिन ल्यूथर किंग बैठका आणि तडजोडीतच अडकतात, त्यांच्यातला माणूस कमी दिसतो. जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांना तर नवऱ्याचं फटकून बोलणं गिळण्यापलीकडे फारसं कामच नाही. आणि पात्रं इतकी की पहिला अर्धा तास हा कोण, तो कोण यातच जातो. रसेल, हम्फ्री, एफबीआयचे प्रमुख हूवर, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, एवढ्या चौघांबद्दल वाचून गेलात तरी पुरे. पोटभर खाऊन जा, प्रयोग तीन तासांच्या घरात जातो.

आणि तिकीट काढण्याआधी तुमच्याकडे जॉन्सन कोण करतोय ते बघा. तो जवळजवळ सगळा वेळ रंगमंचावर असतो. तो नट कच्चा निघाला तर बाकीच्यांनी कितीही जीव तोडला तरी नाटक उभं राहत नाही.