लिस्बनचे महापौर मडगावात शिकले होते का?

प्रश्न : लिस्बनचे महापौर आणि पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले आंतोनियो कोस्ता यांचे बालपण मडगावात गेले व प्राथमिक शिक्षणही येथेच झाले, असे आमच्याकडे ठामपणे सांगितले जाते. यात तथ्य किती?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मडगावातील बालपण खरे आहे, परंतु ते आंतोनियो यांचे नव्हे, त्यांच्या वडिलांचे. वडील ऑर्लांदो द कोस्ता यांचा जन्म १९२९ मध्ये मोझांबिकमधील तेव्हाच्या लोरेन्सो मार्किस शहरात झाला, ते लहानाचे मोठे मडगावात झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी पुढील शिक्षणासाठी लिस्बनला गेले, ते तिकडचेच झाले. ते लेखक होते आणि कम्युनिस्टही, त्यामुळे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांनी त्यांना अटकही केली होती.

आंतोनियो यांचा जन्म १७ जुलै १९६१ रोजी लिस्बनमध्येच झाला. गोवा मुक्त व्हायला तेव्हा पाच महिने उरले होते, आणि गोव्यातील कुणबी शेतमजुरांच्या जीवनावरची ऑर्लांदो यांची कादंबरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. आई मारिया आंतोनिया पाला या पत्रकार आणि स्त्रीहक्कांच्या खंद्या पुरस्कर्त्या. आईवडील मुलाच्या लहानपणीच विभक्त झाले. तरीही घरात आंतोनियो यांना हाक मारली जाई ती 'बाबूश', म्हणजे कोकणीत लहान मुलगा, अशीच. गोव्यात हे नाव कोणाला समजावून सांगायला नको.

त्यांच्या जडणघडणीत शाळेपेक्षा काळाचा वाटा मोठा होता, असे आम्हांस वाटते. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली तेव्हा ते बारा वर्षांचे होते, आणि पुढच्याच वर्षी, वडिलांच्या कम्युनिस्ट पक्षाकडे न वळता, ते समाजवादी पक्षाच्या युवक संघटनेत दाखल झाले. लिस्बन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी वकिलीची उमेदवारी केली ती जॉर्ज सांपायो यांच्या कार्यालयात. हे सांपायो १९८९ मध्ये लिस्बनचे महापौर झाले आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्षही. शिष्य महापौरपदाच्या त्याच खुर्चीवर बसला तो २००७ मध्ये, न्याय आणि गृह ही खाती सांभाळून झाल्यावर, आणि २०१५ पर्यंत तेथे राहिला.

राहिला गैरसमजाचा उगम. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान या नात्याने भारतभेटीवर आले असता कोस्ता मडगावात आबे फारिया रस्त्यावरील आपल्या पूर्वजांच्या घरी जाऊन नातेवाइकांना भेटले होते. 'पूर्वजांच्या घरी आले' याचे 'लहानपणीच्या घरी आले' असे रूपांतर व्हायला बाजारातील एक फेरी पुरते.