सांगलीतला पहिला चैत्र

नवी आलीस ना सांगलीत, मग पाडव्याच्या आसपास वर्षाची हळद भरून टाक. पुडीतली नको गं, अख्खी हळकुंडं घे. दुकानात एक मोडून बघ. नीट वाळलेलं असेल तर कडकन मोडतं नि आत गर्द केशरी दिसतं. वाकलं तर ओल आहे, अशी हळद पुढे जाळी धरते. कांडपावर समोर उभं राहून कुटून घे, पण गरम पूड लगेच डब्यात कोंबू नकोस. परातीत पसरून निवव, मग भर. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि वासावरूनच ते पटतं.

नवा बेदाणाही याच दिवसांत येतो. मूठ दाबून सोड, दाणे मोकळे झाले तरच घे. मला विचारशील तर शिऱ्याला पिवळाच बरा.

साखरेच्या गाठी गणपती पेठेत घे. त्या सकाळी लवकर आण, दुपारी गर्दीत पाय ठेवायला जागा नसते.

आणि संध्याकाळी भडंगाची पुडी घेऊन कृष्णेच्या घाटावर जाऊन बस. आयर्विन पुलाकडून वारा आला की दिवसभराची तलखी निवते बघ.