दुर्बिणीत एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. नागपुरात वॉरंटीत काम होतं का?

होतं, पण दमानं घ्या. माझी ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जिप्सीच्या सीटवरून पडली आणि एका सांबराची दोन सांबरं दिसू लागली. म्हणजे आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) सरकलं. सीताबर्डीच्या दुकानदारानं बिल पाहून दुर्बीण मुंबईला पाठवली, आणि सात आठवड्यांनी उत्तर आलं: 'पडल्यामुळे झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही.' चूक माझीच, पण हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं ना बाप्पा!

म्हणून आधी कार्ड वाचा. बहुतेक वॉरंट्या फक्त कारखान्यातल्या दोषाला असतात. पडणं आणि बुरशी त्यात धरत नाहीत. (आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हमखास, ओल शोषणारं सिलिका जेल ठेवाच.) व्होर्टेक्स कंपनीची वॉरंटी मात्र आजीवन आहे, अपघातही चालतो, बिलही मागत नाहीत, हरवली किंवा चोरीला गेली तर नाही. परदेशातून नातेवाइकानं आणलेली असेल तर इथला वितरक बहुधा हात वर करतो.

आणि घड्याळवाल्याकडून उघडून घेऊ नका. वॉटरप्रूफ दुर्बिणीत बहुधा नायट्रोजन वायू भरलेला असतो. सील तुटलं की तो गेला, वॉरंटीही गेली.