डेव्हिल्स लेकला पहिल्यांदाच आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) नेताय?

विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कचं बुकिंग 11 महिने आधी उघडतं. उन्हाळ्यातला शनिवार-रविवार हवा असेल तर त्याच दिवशी सकाळी बसा. साइट, म्हणजे गाडी लावून मुक्काम करायची जागा, घेताना गाडीची लांबी मावते का आणि वीज आहे ना, एवढं बघा. पाण्याची टाकी आत शिरतानाच भरून घ्या. सरपण घरून नेऊ नका. किडी पसरतात म्हणून पार्कपासून 10 मैलांपलीकडचं, प्रमाणपत्र नसलेलं लाकूड चालत नाही. निघताना डंप स्टेशनवर (टाक्यांमधलं सांडपाणी सोडायच्या जागी) आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची. साबणाच्या पाण्याने पाइप आपसूक धुतला जातो. मी पहिल्यांदा उलटं केलं, तर बायको घरापर्यंत नाकाला पदर लावून! आणि हो, रबरी हातमोजे घ्याच.