वाचकांचे प्रश्न: झायनमध्ये एकच दिवस हाताशी आहे

प्रश्न: ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही लास वेगासहून युटामधल्या झायन नॅशनल पार्कला एका दिवसासाठी जाणार आहोत. पुण्याहून आलेले आई-बाबा (वय ६६ आणि ७१) बरोबर असतील. आम्हा दोघांना नॅरोज (अरुंद घळीत नदीच्या पाण्यातून चालायची वाट) आणि एंजल्स लँडिंग (कड्यावरची चढाई) दोन्ही करायचंय. जमेल का?

उत्तर: दोन्हींचा हट्ट धरू नका, नॅरोज घ्या. एंजल्स लँडिंगच्या शेवटच्या, साखळ्या धरून चढायच्या टप्प्याला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं आणि ते सोडतीने मिळतं. आदल्या दिवशीच्या सोडतीचा अर्ज दुपारी ३ पर्यंत ऑनलाइन भरता येतो, निकाल ४ वाजता. अर्जाचे ६ डॉलर परत मिळत नाहीत आणि नंबर लागला तर माणशी ३ डॉलर वेगळे. त्यावर दिवस बेतणं धोक्याचं. नॅरोज खालून वर, म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाऊन त्याच वाटेने परत यायला परमिट लागत नाही, शिवाय आई-बाबांनाही सुरुवातीची कोरडी वाट बरोबर चालता येते.

वेगासहून पहाटे निघायचा विचार असेल तर युटाचं घड्याळ एक तास पुढे असतं, हे विसरू नका. अडीच-पावणेतीन तासांचा रस्ता घड्याळात साडेतीन-पावणेचार तासांचा होतो, आणि तोवर व्हिजिटर सेंटरचं पार्किंग भरलेलं असतं. आदल्या रात्री पार्कच्या दाराशीच असलेल्या स्प्रिंगडेल गावात मुक्काम करा. मोसमात दरीत खासगी गाडी नेता येत नाही. फुकट शटल असते, तिची पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी पकडून नवव्या, म्हणजे शेवटच्या थांब्यावर (टेंपल ऑफ सिनावावा) उतरा. तिथून रिव्हरसाइड वॉक सुरू होतो. जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, जवळजवळ सपाट फरसबंद वाट, एका बाजूला नदी. आई-बाबांनी वाट संपते तिथून परत फिरावं. तुम्ही पाण्यात उतरा.

आत वेग तासाला जेमतेम दीड किलोमीटर पडतो. 'वॉल स्ट्रीट' हा सगळ्यात अरुंद भाग गाठायला पाण्यात उतरल्यापासून साधारण दोन तास लागतात. परतीची वेळ उतरण्याआधीच ठरवा आणि कुठेही असलात तरी त्या वेळेला वळा. शेवटची बस चुकली तर अंधारात मैलोन्मैल चालावं लागतं.

प्रश्न: सांदण दरी दोनदा केली आहे. नॅरोज त्या मानाने सोपा असेल ना?

उत्तर: सांदणमध्ये पाण्याचे एक-दोन डोह ओलांडले की पुढे कोरड्या दगडांवरून उतरायचं असतं. नॅरोजमध्ये व्हर्जिन नदीचं पात्र हीच वाट आहे, आणि तळाचे गोटे गोल, शेवाळलेले. खांद्याएवढ्या उंचीची जाड लाकडी काठी घ्या, बारीक ट्रेकिंग पोल फटीत अडकून वाकतात. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवायची, तिच्यावर भार द्यायचा, मग एक पाय उचलायचा. काठी आणि दोन पाय, या तिघांतलं एका वेळी एकच हलवायचं. पाऊल गोट्याच्या माथ्यावर टाकू नका, दोन गोट्यांमधल्या वाळूत टाका. नदी रुंद, उथळ आणि खळाळती असेल तिथे ओलांडा. गडद हिरवं, संथ दिसणारं पाणी खोल असतं.

ऑक्टोबरात पाणी चांगलंच गार असतं आणि तळाशी ऊन फारसं पोचत नाही. निओप्रीनचे मोजे, बंद बूट आणि काठी स्प्रिंगडेलच्या दुकानांत भाड्याने मिळतात. सँडल नकोत, बोटं ठेचतात. जीन्स तर नकोच. कोरडा शर्ट आणि स्वेटर जलरोधक पिशवीत ठेवा. गारठ्याने जोडीदाराचे शब्द जड व्हायला लागले किंवा तो उगाच अडखळू लागला तर तिथूनच मागे फिरा.

खरा धोका लोंढ्याचा. सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने आपण अशा घळीत उतरतच नाही. इथे डोक्यावर निळं आकाश असताना दूर वर पडलेला पाऊस लोंढा होऊन खाली येतो, कारण उघडा खडक पाणी मुरवत नाही. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हे जास्त, पण इतर महिन्यांतही घडतं. सप्टेंबर २०१५ मध्ये याच पार्कातल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण असेच गेले. सकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये लोंढ्याचा त्या दिवसाचा अंदाज लावलेला असतो. तो 'प्रोबेबल' किंवा 'एक्स्पेक्टेड' असेल तर उतरू नका. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या (सुमारे ४,२५० लिटर) वर गेला की नॅरोज बंदच करतात. आत असताना स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर फोटो सोडा आणि जवळच्या उंच जागेवर चढा. चार-पाच फुटांनीही जीव वाचतो. वॉल स्ट्रीटमध्ये मात्र चढायला जागाच नाही, म्हणून ढग दिसत असतील तर त्याच्या अलीकडूनच परता.

प्रश्न: फिल्टर असेल तर नदीचं पाणी प्यायला चालेल का?

उत्तर: नाही. या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) आढळले आहेत आणि त्यांचं विष साध्या फिल्टरने निघत नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी नवव्या थांब्यावरच्या नळावर भरून घ्या. डोकं पाण्याखाली घालू नका, खाण्याआधी सॅनिटायझरवर न विसंबता बाटलीतल्या पाण्याने हात धुवा. स्वच्छतागृहही त्याच थांब्यावर शेवटचं. पुढे गरज पडलीच तर मैल्याची खास पिशवी वापरून ती परत बाहेर आणावी लागते, तेव्हा एक सॅकमध्ये असू द्या.