शिट्टी मारणारी त्रिकोणी काच

प्रश्न : माझ्याकडे १९५३ चा शेव्हरोले ३१०० पिकअप आहे. ताशी ६० च्या पुढे गेलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या त्रिकोणी व्हेंट काचेजवळ (मोठ्या काचेपुढची, हवेसाठी उघडणारी छोटी काच) शिट्टी सुरू होते. ८० ला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. दोन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंचं रबर नवीन टाकलं, तरी आवाज तसाच आहे. पुन्हा रबर बदलू का? (कोथरूड)

उत्तर : इतक्यात नको. नव्या रबरानंतरही शिट्टी राहते तेव्हा बहुतेक वेळा काच रबरावर नीट बसतच नसते, आणि त्याला रबर काही करू शकत नाही.

आधी काय घडतं ते पाहा. विंडशील्डच्या खांबाला वळसा घालताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि व्हेंट काचेच्या बाहेर दाब कमी होतो. आतली हवा काचेला बाहेर ढकलू लागते. ही काच उभ्या अक्षावर फिरते. उघडताना पुढची कड आत जाते, मागची बाहेर येते. म्हणजे मागच्या कडेला ज्या दिशेनं उघडायची सवय आहे, त्याच दिशेनं वारा तिला ओढत असतो, आणि धरून ठेवायला असतो खाली एक खटका. खटक्यापासून सगळ्यात लांब असतो तो मागचा वरचा कोपरा. वरच्या बिजागरीत जरा जरी खेळ असला तरी तो कोपरा पहिल्यांदा उचलला जातो. दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६० वरून ८० वर गेलात की ओढ जवळजवळ पावणेदोन पट होते. गॅरेजमध्ये घट्ट वाटणारी काच रस्त्यावर शिट्टी मारते ती यामुळे.

आता आवाज नेमका कुठून येतो ते शोधा. एक इंची मास्किंग टेप घ्या. व्हेंट काचेच्या सगळ्या कडा, व्हेंट आणि मोठी काच यांच्या मधली उभी पट्टी, मोठ्या काचेची वरची कड आणि दरवाज्याची पुढची फट, सगळं बाहेरून टेपनं बंद करा. वारा पडलेल्या सकाळी कात्रज ते वारजे या बाह्यवळण रस्त्यावर एकाच वेगानं जाऊन या, आणि त्याच रस्त्यानं परतही या, कारण बाजूचा वारा निकाल उलटा करतो. सगळं बंद असूनही आवाज आला तर तो व्हेंटचा नाहीच. आरसा, छताची पन्हळ किंवा नंतर बसवलेला रेन व्हायजर तपासा. आरसा काढून एक फेरी मारली की लगेच कळतं. आवाज गेला असेल तर एकेक तुकडा काढत चाला. आधी मागची उभी कड, मग वरची, मग पुढची-खालची, शेवटी दरवाज्याची फट. ऐकायला दुसरा माणूस हवाच, चालवणाऱ्यानं कान काचेकडे नेऊ नये. काम झालं की टेप लगेच काढा. उन्हात राहिली तर जुना रंग सोबत घेऊन येते.

आवाजाच्या जातीवरूनही अंदाज येतो. बारीक, टोकदार शिट्टी म्हणजे अरुंद फट. घोंघावणं म्हणजे मोठी गळती, सहसा दरवाज्याच्या बीडिंगची (कडेच्या रबरी पट्टीची). फडफड म्हणजे रबराचा सुटलेला ओठ.

गाडी उभी असताना कागदाची परीक्षा करा. दोन सेंटिमीटर रुंद पट्टी काचेत आणि रबरात धरा, खटका लावा, हळू ओढा. दर पाच सेंटिमीटरला हेच. जिथे पट्टी सहज सरकली तिथे खडूची खूण करा. तुमच्या वर्णनावरून बहुतेक खुणा मागच्या वरच्या कोपऱ्यात मिळतील.

व्हेंटला हात लावण्याआधी दरवाजा बघा. तो अर्धा उघडा आणि कुलपाच्या बाजूनं उचलून पाहा. टक्क असा खेळ जाणवला तर बिजागरीच्या पिना झिजल्यात. दरवाजा खाली बसलाय, त्याची चौकट बॉडीपासून सुटलीय, आणि आवाज कानाला व्हेंटमधून आल्यासारखा वाटतो. आधी पिना, मग कुलपाचा स्ट्रायकर (कुलूप ज्यात अडकतं तो खांबावरचा भाग), त्यानंतरच व्हेंट. हा क्रम उलटा केलात तर एकच काम दोनदा करावं लागेल.

दरवाजा सरळ असेल तर व्हेंटचा सांगाडा बाहेर काढा. हँडलं आणि आतलं पॅनल काढून मोठी काच पूर्ण खाली घ्या. पुढच्या कडेचे स्क्रू आणि उभ्या पट्टीचा तळाचा बोल्ट सोडला की सांगाडा मागे कलवून वर निघतो. हे स्क्रू सत्तर वर्षांचे आहेत. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडा, आणि डोकं घासलं जाईल असा स्क्रूड्रायव्हर वापरू नका.

मग या क्रमानं बघा. वरच्या बिजागरीची रिव्हेट सैल असेल तर ती ड्रिलनं काढून नवी ठोका. फिटर तिथे साधा स्क्रू घालून देतो, पण तो हादऱ्यानं सुटतो. घालायचाच असेल तर नायलॉन नट असलेला घाला. खालच्या खिळीवर स्प्रिंग, वायसर आणि नट असतो. नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं आवळा. हातानं काच फिरते पण सोडल्यावर जिथल्या तिथे राहते, इतकाच ताण पुरे. जास्त आवळलात तर काच फिरवताना सगळा जोर हँडलवर येतो. शेवटी खटका. त्याची बोटासारखी जीभ झिजली असेल तर काच शेवटचा एक-दोन मिलिमीटर आत ओढली जात नाही. खटका जिथे अडकतो तिथे अर्ध्या मिलिमीटरची स्टेनलेस पट्टी ठेवून कागदाची परीक्षा पुन्हा करा. बऱ्याच गाड्यांचा आवाज इथेच थांबतो.

काच आपल्या चौकटीत सैल असेल तर मधली रबरी टेप बदला. टेप साबणाच्या पाण्यानं ओली करून काच चौकटीत बसवा. हातोडी नको, रबरी मॅलेटचे हलके ठोके चालतील.

एवढं करूनही फट राहिली तरच नवीन रबर घ्या, आणि मापं पडताळून घ्या. शेव्हरोलेच्या या पिकअपमध्ये व्हेंट काच १९५१ पासून आली आणि १९५५ च्या मध्यात बॉडीच बदलली, त्यामुळे १९५५ चं मॉडेल सांगून मागवलेलं रबर दोन प्रकारचं असू शकतं. डावं-उजवंही वेगळं असतं. जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९५४ मध्येच बंद झाला, म्हणून हे रबर साच्यातलं तयार हवं असेल तर ते अमेरिकेतूनच मागवावं लागतं. नाना पेठेत मीटरवर मिळणारं बीडिंग सरळ कडेला चालतं, कोपऱ्यात नाही. कोपरा कापून चिकटवला की शिट्टीला नवं घर मिळतं.

प्रश्न : पद्मिनीच्या व्हेंटचं रबर नवीन टाकलं. आता काच पूर्ण बंद होत नाही. जोर लावला तर हँडलच तुटलं. रबर चुकीचं आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : बहुधा बरोबर आहे, फक्त नवं आहे. ताज्या रबराचा ओठ जाड आणि ताठ असतो. काही दिवस दबल्यावरच तो बसतो. खटका जेमतेम लागेल इतपत काच ढकला आणि गाडी आठ-दहा दिवस बंद काचांनी उन्हात ठेवा. उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात वेळ लागतो. रबरावर सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि मग खरोखरच बंद होत नाही. रबर खोबणीत पूर्ण बसलंय का तेही पाहा. खाली जुन्या गोंदाचा थर किंवा गंजाची पापडी राहिली तर रबर तेवढंच वर उचललं जातं. खालचा पत्रा पूर्ण खरवडून, गंजरोधक प्रायमर लावून, सुकल्यावरच रबर बसवा. नवीन हँडल या सगळ्यानंतर.

प्रश्न : व्हेंट काच उघडतच नाही, तर चारी बाजूंनी सिलिकॉन भरून कायमची बंद करावी का? की ती काढून टाकून एकच अख्खी काच बसवावी? (हडपसर)

उत्तर : दोन्ही नको. बाजारात सहज मिळणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं (व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच), आणि उघड्या पत्र्याला त्यानं गंज धरतो. वर त्याच्यावर रंगही चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या पेंटरचे हाल. अख्खी काच बसवायची म्हटली तर मधली उभी पट्टी जाते. तीच मोठ्या काचेची मागे-पुढे होणारी हालचाल आवरत असते. नवा चॅनल (काच ज्यात सरकते ती खोबण), कधीकधी काच उचलणारी यंत्रणाही बदलावी लागते, आणि चॅनलचं फेल्ट जरा झिजलं की आवाज खांबाजवळून निघून तुमच्या खांद्याजवळ येतो. शिवाय एसी नसलेल्या गाडीत एप्रिलच्या दुपारी हीच काच हवा आत वळवते.

प्रश्न : पावसात व्हेंटखालून पाणी दरवाज्यात जातं. भोकं बुजवू का? (वारजे)

उत्तर : दरवाज्याच्या तळाची भोकं अजिबात बुजवू नका. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाज्यात जाणं अपेक्षितच आहे, ते बाहेर पडायला ती भोकं असतात. तारेनं साफ करा, आत बाटलीभर पाणी ओतून ते मोकळं वाहतंय ना हे बघा. पाणी आतल्या बाजूला, पायांवर येत असेल तरच व्हेंटचा खालचा पुढचा कोपरा तपासा. तिथे रबराची दोन टोकं जोडलेली असतील तर सांधा थेंबभर काळ्या रबर सिमेंटनं बंद करा. पॅनलमागचा मेणकागद किंवा प्लास्टिक फाटलं असेल तर तेही बदला, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या आत खोचा, बाहेर लोंबकळत ठेवू नका.