दोन फ्रेम तुटल्या, आता टिकणारी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली) माउंटन बाइक कशी निवडू? (वजन ९५ किलो, बजेट दोन लाख, सोलापूर)

आधी दुसऱ्या फ्रेमचं बोलू, कारण तिथलं कारण मला बरंच स्पष्ट दिसतंय. तुम्ही लिहिलंय की उंची सहा फूट, फ्रेम मीडियम, आणि तडा सीट ट्यूबला (सीटखालच्या उभ्या नळीला), वरची नळी जिथे जोडली आहे तिथे गेला. सहा फुटी माणूस मीडियम फ्रेमवर बसला की सीटपोस्ट (सीटचा दांडा) खूप वर काढावा लागतो. मग प्रत्येक धक्क्याला तो पोस्ट पहारीसारखा त्या जोडाला उचकटत राहतो. पोस्टवरची 'किमान इतका आत' ही खुणेची रेघ आत गेली म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात. ती रेघ पोस्टच्या सुरक्षिततेसाठी असते. फ्रेम वाचवायची तर पोस्टचं खालचं टोक वरच्या नळीच्या जोडाच्या चांगलं खाली पोचलं पाहिजे. नेमकं किती, ते फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेव्हा साइज लार्ज घ्या, आणि बसून पाहिल्यावर आखडल्यासारखं वाटलं तर एक्सएल. सवलतीत मीडियम मिळतेय म्हणून पुन्हा तिकडे वळू नका.

पहिल्या फ्रेमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे उजवा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची खालची नळी) तुटला, तोही पिव्हटला, म्हणजे मागचा भाग ज्यावर फिरतो त्या सांध्याला, लागून. "आपल्याकडे डोंगर नाहीत, मी उड्याही मारत नाही, मग फ्रेम तुटतेच कशी?" असं तुम्ही विचारलंय. हिप्परग्याच्या तलावाकडचे शेतरस्ते आठवा. परतीच्या पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात आणि ऊसतोडणी सुरू होईपर्यंत त्या वाळून कडक होतात. मागचं चाक अशा चाकोरीच्या कडेवरून घसरलं की धक्का वरून न येता बाजूने येतो. शॉक तो धक्का घेऊ शकत नाही, तो सगळा चेनस्टे आणि पिव्हटवर जातो. त्यात मुरुमाच्या रस्त्यावरचा फुफाटा बेअरिंगमध्ये शिरतो. वर आपण सायकल नेतो मोटारसायकलच्या सर्व्हिसिंग सेंटरवर आणि प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतो, म्हणजे उरलंसुरलं ग्रीसही जातं.

एका मित्राच्या सायकलचा मागचा भाग मी खोलला होता. शॉक काढून चाक हाताने वर-खाली केलं तर ते मध्येच अडकत होतं. पिव्हटमधलं बेअरिंग काढलं, तर सील फाटलेलं, ग्रीसच्या जागी तांबूस लगदा आणि आतली रिंग फिरायलाच तयार नाही. चेनस्टेवर वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी काळी रेघ होती. थिनरच्या फडक्याने पुसली, गेली नाही. नख फिरवलं तर नख अडकलं. बेअरिंग जाम झालं की लिंक (मागचा भाग आणि शॉक यांना जोडणारा फिरता तुकडा) फिरत नाही, आणि जी हालचाल पिव्हटने करायची ती नळी वाकून करते. ॲल्युमिनियमला हे सहन होत नाही. स्टीलचा ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, लहान ताणही साठत जातो आणि वेल्डच्या कडेला बाहेर पडतो. पिव्हटचा बोल्ट सैल असला तरी शेवट हाच, फक्त वाट वेगळी.

आता निवडीकडे. सगळ्यात आधी त्या सायकलचं मॅन्युअल डाउनलोड करा आणि दोन गोष्टी शोधा. पहिली, एकूण वजनाची मर्यादा. त्यात तुम्ही, सायकल आणि पाठीवरची बॅग असं सगळं येतं. तुमचं ९५, सायकल १५, पाणी-सामान ५, म्हणजे ११५ किलो. मर्यादा याच्या काठावर नको, निदान पंधरा-वीस किलो वर हवी. दुसरी गोष्ट, वापराची कॅटेगरी. एएसटीएम एफ२०४३ नावाच्या मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग आहेत. तिसरा वर्ग खडबडीत ट्रेल आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी, चौथा १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या. तुम्ही उड्या मारत नसलात तरी तुमच्या वजनाला मी चौथ्या वर्गाचीच फ्रेम घ्यायला सांगेन. किलोभर जास्त भरेल, भरू दे.

ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वर-खाली हलू शकतं ते, मात्र जास्त नको. आपल्याकडे १२० ते १४० मिलिमीटर भरपूर झाला. त्यापेक्षा महत्त्वाचं गणित दुकानदार सहसा सांगत नाहीत: मागच्या चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः किती दबतो ते). १५० मिलिमीटर ट्रॅव्हल आणि ५० चा स्ट्रोक असेल तर भागाकार ३. १३० ला ५५ असेल तर सुमारे २.४. हा आकडा जितका मोठा, तितका शॉकवर भार जास्त आणि जड माणसाला हवेचा दाब जास्त भरावा लागतो. बऱ्याच एअर शॉकची मर्यादा ३०० ते ३५० पीएसआय असते. तुम्हाला ती गाठूनही शॉक पूर्ण दबून आपटत असेल, तर तो प्रत्येक आपट फ्रेमवरच्या शॉकच्या माउंटला बसतो. २.५ च्या आसपास किंवा खाली शोधा. मागचा ॲक्सल १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाऊन आवळला जाणारा जाड ॲक्सल) असावा. क्विक रिलीज (खटक्याने सैल होणारा बारीक ॲक्सल) असलेली फुल सस्पेन्शन आता घेऊच नका, बाजूचा पीळ तिथे जास्त येतो.

बेअरिंगचे नंबर विचारा, हे माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. पुष्कळ फ्रेममध्ये ६९०२, ६९००, ६८०० अशा नेहमीच्या नंबरांचे बेअरिंग असतात. यंत्रमाग आणि एमआयडीसीमुळे सोलापुरात बेअरिंगच्या दुकानांची कमी नाही, नंबर सांगितला की नसलेलं मागवूनही देतात. घेताना दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे '२आरएस', मागा. कंपनीचाच खास भाग लागणारी लिंक असेल, तर एका बुशसाठी महिनाभर सायकल भिंतीला टेकून राहील.

मटेरियलचं थोडक्यात. कार्बन ॲल्युमिनियमसारखा थकत नाही, पण दगडाच्या माराने आतून फुटू शकतो आणि ते वरून दिसेलच असं नाही. स्टीलच्या फुल सस्पेन्शन ब्रिटनमधल्या कॉटिक, स्टार्लिंगसारख्या छोट्या कंपन्या बनवतात आणि चांगल्या बनवतात, पण दोन लाखांत ते जमणार नाही आणि वॉरंटीसाठी फ्रेम परत पाठवणं परवडणार नाही. तुमच्यासाठी ॲल्युमिनियमच. फक्त तडा गेला तर आर्गॉन वेल्डिंग करून पुन्हा चालवू नका. ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम कारखान्यात वेल्डिंगनंतर सुमारे ५३० अंशांना तापवून झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानाला कित्येक तास भट्टीत ठेवतात, तेव्हा तिला ताकद येते. इथे नुसतं वेल्ड केलं की जोडाशेजारचा धातू मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. वेल्डर कितीही हुशार असला तरी त्यात फरक पडत नाही. आणि हो, मे महिन्यातल्या ४४ अंशांनी फ्रेमला काहीही होत नाही. उन्हाने टायरमधलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) मात्र वाळतं, आणि बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ते परवडत नाही.

बजेट घसरलं तर काय? लाखाच्या खालची डबल शॉकअपवाली घेऊ नका. त्याच पैशात चांगला फोर्क (पुढचा शॉक) आणि थ्रू ॲक्सल असलेली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली, घ्या, ती तुमच्याकडे जास्त वर्षं राहील. दोन लाखांच्या आसपास ट्रेक, जायंट, स्कॉट यांची त्या वेळी जी मॉडेल मिळत असतील ती वरच्या कसोट्यांवर घासून पाहा. पुण्याला जाऊन प्रत्यक्ष बसून घ्या, अडीचशे किलोमीटर आहे पण जाणं सार्थकी लागेल. यातल्या काही ब्रँडची फ्रेमवरची आजीवन वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला असते. म्हणून सेकंडहँडचा मोह तुमच्या बाबतीत मी टाळायलाच सांगेन, कारण दोनदा फ्रेम गेलेल्या माणसाला कागद हाताशी हवा. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या, बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचा ॲक्सल बसतो त्या भागाखाली) कोरलेला असतो.

सायकल आली की पहिल्याच दिवशी शॉकपंप घेऊन सॅग (तुम्ही बसल्यावर शॉक किती दबतो ते) लावा. नेहमीची बॅग पाठीवर घेऊन बसा, मागचा शॉक स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. पहिल्या काही राइडनंतर सगळे पिव्हट बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. किती न्यूटन मीटर ते बहुतेक बोल्टवरच छापलेलं असतं, अंदाजाने आवळू नका. धुताना बादली आणि फडकं. दर महिन्याला मोबाइलचा टॉर्च घेऊन चेनस्टेचे पिव्हट, शॉकचे माउंट, सीट ट्यूबचा जोड आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) खालचं वेल्ड पाहा, आणि वर्षातून एकदा शॉक सोडवून मागचा भाग हाताने हलवून बघा.

पहिल्या फ्रेमचे तुकडे अजून असतील तर चेनस्टेच्या तुटलेल्या तोंडाचा जवळून फोटो टाका. एक भाग काळपट-गुळगुळीत आणि उरलेला चकाकता-खडबडीत दिसत असेल, तर तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता. सगळंच तोंड चकाकतं असेल तर एकाच मोठ्या दणक्याने गेलंय, आणि मग बेअरिंगपेक्षा कॅटेगरीकडे जास्त लक्ष द्या.